पोरांना पहिल्यांदा बुद्धिबळाच्या टूर्नामेंटला नेताय? ओपनिंग राहू दे, आधी हात शिकवा

सांगलीत राहायचं आणि घरात पट नाही म्हणायचं हे जरा अवघडच. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्य घालून उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, बुद्धिबळपटू स्वाती घाटे इथली, आणि आमच्याकडचे जुने लोक तर सांगलीला सरळ बुद्धिबळाची पंढरीच म्हणतात. त्यात २०२४ च्या डिसेंबरात गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला आणि २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बटूमीला महिलांचा वर्ल्डकप जिंकून आली, तेव्हापासून आमच्या विश्रामबागेत क्रिकेटच्या क्लासाला पोरं सोडायला जाणारे दोन-तीन बाबा लोक बुद्धिबळाच्या क्लासाची चौकशी करताना मी स्वतः ऐकलेत. चांगलंच आहे. पण क्लास वेगळा आणि टूर्नामेंट वेगळी, हे मला पोरगीच्या पहिल्या टूर्नामेंटला कळलं आणि ते कळायला मला दोन राऊंड आणि तिला एक रडं लागलं, म्हणून हे लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच पळू शकतील. सात-आठ-नऊ वर्षांची पोरं डाव हरतात ते ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, येत नाहीत म्हणून नाही. हात चुकीच्या वेळी पुढं जातो म्हणून हरतात. सोंगटीला घाईनं लागलेला हात, चाल झाल्यावर घड्याळावर न पडलेला हात, पंचांना बोलवायला वर न गेलेला हात, आणि सगळ्यात महागात पडणारा म्हणजे समोरच्यानं पुढं केल्यावर आपणहून मिळवलेला हात. सिसिलियन वगैरे ओपनिंग शिकवायला सर आहेत, हे हाताचं शिकवायला सरांना वेळ नसतो, ते घरी आपणच करायचं.

सुरुवात नाव नोंदवण्यापासून. गट वयाचे असतात, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी अंडर ७, ९, ११, १३, १५ असे. वय त्या दिवशीचं धरत नाहीत, वर्षाच्या १ जानेवारीचं धरतात. म्हणजे २०२६ मध्ये अंडर ९ खेळायचं तर जन्म १ जानेवारी २०१७ चा किंवा त्यानंतरचा पाहिजे. डिसेंबर २०१६ चं पोरगं असेल तर गेलं बिचारं अंडर ११ मध्ये, काही उपयोग नाही भांडून. जन्मदाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स पिशवीत पण ठेवा, कारण टेबलावर बसलेल्या माणसाला तो ऐनवेळी लागतोच आणि तेव्हाच तुमच्या मोबाईलची रेंज जाते. पहिली टूर्नामेंट रेटिंगची, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा अधिकृत आकडा ठरतो तसली, घेऊ नका असं माझं मत. रेटिंगच्या स्पर्धेला फेडरेशनचं रजिस्ट्रेशन लागतं, फी जास्त, मोठी माणसं पण समोर येतात, आणि २०२४ च्या मार्चपासून रेटिंगची सुरुवातच १४०० पासून झालीये, त्यामुळं नवख्या पोराला ते लगेच काही मिळत नाही. आधी एखादी एकदिवसीय लहान मुलांची, मिरजेत, जयसिंगपुरात, इस्लामपुरात कुठंतरी, सकाळी जाऊन रात्री घरी येता येईल अशी.

आता हाताचं.

पहिला नियम सगळ्यांना माहीत असतो आणि कुणीच घरी पाळत नाही, हात लावला की चाल. आपल्या सोंगटीला मुद्दाम हात लावला तर तीच हलवायची, समोरच्याच्या सोंगटीला लावला तर मारता येत असेल तर ती मारायचीच. घरी आपण लाडानं म्हणतो राहू दे गं, घे परत. नका म्हणू. टूर्नामेंटच्या आधी निदान पंधरा दिवस घरी कडक नियम लावा आणि तो स्वतःला पण लावा, म्हणजे तुमचा वजीर फुकट गेला तरी गेला, पोराला त्यात भलता आनंद होतो आणि नियम कायमचा डोक्यात बसतो. सोंगटी घराच्या मधोमध नसेल आणि नीट करायची असेल तर हात लावायच्या आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचं. आधी. हात लावल्यावर म्हणून चालत नाही, आणि पोरं नेमकं हात लावून, चूक कळून, मग अ‍ॅडजस्ट म्हणतात, आणि समोरचं पोरगं लगेच पंचांना हाक मारतं, आणि ते बरोबरच असतं.

कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायची ती चाल, एका हातानं करायची आणि राजा आधी उचलायचा. दोन घरं राजा, मग हत्ती. हत्तीला आधी हात लावला आणि मग राजाला, तर त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही, हा नियम आहे. दोन्ही हातांनी एकदम उचलून फिरवायची सवय तर बऱ्याच पोरांना असते, दिसायला छान दिसतं पण ते चालत नाही.

इथं आमच्या घरचा एक किस्सा. पोरगीला पट शिकवला तो माझ्या सासऱ्यांनी, आणि ते शिकले देशी पद्धतीनं. देशीत प्यादं पहिल्या चालीला पण एकच घर जातं, आणि राजाला शह लागलेला नसेल तर आख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. मला हे माहीतच नव्हतं. सरांकडं ती कॅसलिंग शिकली, प्यादं दोन घरं शिकली, सगळं शिकली, पण आजोबांची ती उडी मनात कुठंतरी होतीच. पहिल्याच राऊंडला राजा जरा अडचणीत आल्यावर बाईसाहेबांनी राजाला उचलून घोड्याची उडी मारली आणि घड्याळ दाबलं! समोरचं पोरगं तोंड उघडं टाकून बघतच राहिलं म्हणे. पंच आले, राजा परत जागेवर, आणि समोरच्याला दोन मिनिटं जादा. घरी आल्यावर सासऱ्यांना विचारलं तर म्हणतात, बरोबर खेळली की, शह कुठं लागला होता. तेव्हा तुमच्याही घरात कुणी आजोबा-काकांनी शिकवलं असेल तर एकदा बसून विचारून घ्या की बाबा राजा कसा चालतो, प्यादं शेवटच्या घरात गेल्यावर काय होतं. देशीत ते ज्या घरात पोचतं त्या घरची सोंगटी होतं, इथं आपल्याला हवं ते, म्हणजे बहुतेक वेळा वजीरच.

वजिराचं निघालं म्हणून सांगते. दुसरा वजीर हाताशी नसतो तेव्हा घरी आपण हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतो. टूर्नामेंटमध्ये उलटा हत्ती हा हत्तीच धरतात. मग काय करायचं, तर घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा, पंचांना म्हणायचं वजीर द्या. घड्याळ थांबवायला कुठलं बटण ते डाव सुरू व्हायच्या आधीच दाखवून घ्यावं, कारण प्रत्येक घड्याळाचं वेगळं असतं.

आणि हा वर जाणारा हात हीच खरी प्रॅक्टिसची गोष्ट आहे. शाळेत पोरांना गप्प बसायची सवय लावलेली असते, त्यात मुलींना जरा जास्तच. पटावर काही गडबड झाली, समोरच्यानं बेकायदा चाल केली, हात लावून दुसरीच सोंगटी खेळला, सारखं ‘ड्रॉ घे की, ड्रॉ घे की’ करत बसला, तर आपलं पोर नुसतं बघत बसतं आणि मग बाहेर येऊन आपल्याला सांगतं. बाहेर आल्यावर काय उपयोग? आम्ही घरी जेवणाच्या टेबलावर नाटक केलं. मी मुद्दाम उंट सरळ चालवायचा, तिनं घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि मोठ्यांदा ‘सर!’ म्हणायचं. पहिल्यांदा तिचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पण जात नव्हता. चार-पाच दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या काय झालं म्हणून. तेव्हा समजलं, आता तयारी झाली. बेकायदा चालीचा नियम एवढाच लक्षात ठेवायला सांगा की चाल करून घड्याळ दाबलं की ती चूक पूर्ण झाली, पहिल्या चुकीला समोरच्याला दोन मिनिटं जादा, दुसऱ्या चुकीला डाव गेला. एखाद्या ठिकाणी लहान गटाला थोडं सैल धरतात, ते सुरुवातीच्या सूचनांत सांगतात, म्हणून सूचनांच्या वेळी पोराला डबा भरवत बसू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे खोटी मात.

दुसऱ्या राऊंडला आमच्या पोरगीसमोर तासगावकडचा एक मुलगा होता, तिच्याच एवढा, पाय जमिनीला टेकत नव्हते दोघांचे. हे मी नंतर तिच्याकडून आणि शेजारच्या पटावरच्या पोराकडून गोळा करून सांगतेय. डाव तिच्याच हातात होता, एक घोडा जादा, कॅसलिंग झालेलं, राजा जी१ वर, हत्ती तिनं ई१ वर नेलेला (उभ्या ओळींना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८, अशी घरांची नावं). त्या मुलानं उंट डी६ वर ठेवून वजीर नेला सरळ एच२ वर, शह, आणि जोरात म्हणाला ‘मेट!’ आणि हात पुढं केला. तिनं बघितलं वजीर अगदी राजाला चिकटून, मारायला जावं तर मागं उंटाचा जोर. झालं. हात मिळवला, स्लिपवर सही केली, डोळे पुसत बाहेर आली. मी म्हटलं मांड बघू. मांडलं, तर एफ१ रिकामं. हत्ती तिथून ई१ ला गेला होता ना! राजा एफ१ ला, मग वजिरानं परत शह दिला तरी पुढं ई२ ला, आणि घोडा जादाच. मात नव्हतीच. ती माझ्याकडं बघतेय आणि मी तिच्याकडं. पंचांकडं गेले तर ते शांतपणे म्हणाले, ताई, हात मिळवलाय, सही केलीय, डाव सोडला असाच अर्थ होतो. आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तो मुलगा पण काही लबाड नव्हता हो, त्याला खरंच मात वाटली होती. या वयात जो आत्मविश्वासानं मेट म्हणतो त्याचं मेट धरलं जातं, एवढंच.

त्या दिवसापासून आमच्या घरात तीन शब्द आहेत, पळ, मार, आड. शह लागला की, समोरच्यानं मेट म्हटलं की तर नक्कीच, दोन्ही हात मांडीखाली घालायचे आणि मनात म्हणायचं. पळ, राजाला जायला एक तरी घर आहे का, आजूबाजूची घरं एक-एक बोट न लावता मोजायची. मार, शह देणाऱ्याला कुणी मारू शकतं का, राजाच नव्हे, लांबचा उंट, कोपऱ्यातला हत्ती, प्यादं पण. आड, मध्ये काही घालता येतं का, हे फक्त घोडा सोडून लांबून शह असेल तेव्हा. तिन्हीला नाही आलं तरच मात. आणि तरी शंका असेल तर हात मिळवायचा नाही, हात वर करायचा. समोरचं पोरगं चिडेल, उसासे टाकेल, टाकू दे. तुमचं घड्याळ चालू आहे, तुमच्या वेळात तुम्ही विचार करताय, यात कुणाचं काय जातंय.

उलट बाजूनं पण हेच. आपल्याला वाटलं मात झाली तर ‘मेट’ म्हणून ओरडायचं नाही, चाल करायची, घड्याळ दाबायचं, गप्प बसायचं. खरी असेल तर ती कुठं पळून जात नाही.

हात मिळवण्यात अजून एक घोटाळा आहे जो मी बाहेर उभं राहून चार वेळा तरी बघितलाय. एक पोरगं हात पुढं करतं, त्याच्या मनात ‘ड्रॉ करूया’, दुसरं हात मिळवतं, त्याला वाटतं ‘हा हरला म्हणतोय’. मग दोघं वेगवेगळा निकाल घेऊन टेबलापाशी. एक म्हणतं मी जिंकलो, दुसरं म्हणतं बरोबरी, आणि दोघांच्या आया मागं उभ्या. तेव्हा पोराला शिकवा, कुणी हात पुढं केला की आधी विचारायचं, काय म्हणतोयस, हरलास का ड्रॉ? तोंडानं उत्तर आल्याशिवाय हात नाही. ड्रॉ मागायची पण पद्धत आहे, आपली चाल करायची, मग ड्रॉ म्हणायचं, मग घड्याळ दाबायचं. समोरच्यानं नाही म्हटलं किंवा सरळ पुढची चाल खेळली तर विषय संपला, परत-परत विचारून छळायचं नाही.

घड्याळ. लहान गटाला बहुतेक वेळा रॅपिड असतं, समजा पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला पाच सेकंद. चाळीस चालींचा डाव झाला तर दोनशे सेकंद म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद वरून मिळतात, म्हणजे एकेकाला अठरा मिनिटं झाली. आणि आपली पोरं डाव सहा मिनिटांत संपवून बाहेर येतात, बारा मिनिटं घड्याळात तशीच शिल्लक! सर कितीदा सांगतात सावकाश खेळ, पण सावकाश म्हणजे किती हे आठ वर्षांच्या जिवाला काय कळणार. आम्ही एक केलं, प्रत्येक राऊंडनंतर जिंकली का हरली हे विचारायच्या ऐवजी घड्याळात किती उरलं होतं ते विचारायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या राऊंडला ११, मग १२, मग ९, संध्याकाळपर्यंत ६ वर आली. तिला तो आकडा कमी करायचा खेळच झाला. ज्या हातानं चाल त्याच हातानं घड्याळ, हे पण आत्ताच लावून घ्या, डावा हात घड्याळावर ठेवून बसणारी पोरं असतात. आणि चाल करून घड्याळ दाबायला विसरायचं हे तर होणारच. समोरचं पोरगं गालात हसत बसतं, वेळ आपला जातो. बाहेरून तुम्हाला दिसलं तरी सांगायचं नाही. घरी मोबाईलवर घड्याळाचं अ‍ॅप लावून पंधरा-वीस डाव खेळलात तर हे जातं, त्याशिवाय जात नाही.

पटावरचं फार काही सांगत नाही, ते सरांचं काम, पण दोन गोष्टी आल्याशिवाय पोराला नेऊ नका. एक, चार चालींची मात. अंडर ९ ला पहिल्या राऊंडला आजूबाजूच्या पटांवर नजर टाका, कुणी ना कुणी वजीर एच५ वर काढून बसलेलंच असतं. समजा आपण काळे, ई४ ला ई५ खेळलो आणि त्यानं वजीर एच५ वर आणला, तर घाबरून काही करायचं नाही, घोडा सी६, म्हणजे ई५ चं प्यादं राखलं. मग तो उंट सी४ ला आणेल, आता एफ७ वर मात आहे, तर जी६ करून वजिराला हुसकवायचं. तो एफ३ ला जाऊन परत एफ७ कडं बघेल, तर दुसरा घोडा एफ६. संपली त्याची हौस, आता वजीर बाहेर फिरतोय आणि आपल्या सोंगट्या एकेक निघतायत. हे तोंडपाठ नको, हातपाठ पाहिजे. आणि आपल्या पोराला ही मात मारायला शिकवू नका, दोन डाव जिंकेल आणि मग वर्षभर वजीरच काढत बसेल.

दुसरी, स्टेलमेट. वजीर जादा, समोर नुसता एकटा राजा, आणि डाव बरोबरीत. यापेक्षा जास्त रडं कशानं येत नाही. समोरचा राजा ए८ कोपऱ्यात आहे, आपण वजीर बी६ वर ठेवला, त्याला शह नाही आणि हलायला घर पण नाही, झाली बरोबरी. पोरांना सोप्या भाषेत सांगायचं, कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या उडीवर वजीर ठेवायचा नाही. आणि एकटा राजा उरला की प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारायचं, आता हा कुठं जाईल? कुठंच नाही आणि शह पण नाही असं उत्तर आलं तर ती चाल नको. वजीर-राजानं मात करणं रोज रात्री झोपायच्या आधी एकदा, दात घासल्यासारखं.

दिवस लांब असतो. सकाळी नऊची वेळ म्हणतात, उद्घाटन, पाहुणे, शाल-श्रीफळ, पहिली चाल पाहुण्यांच्या हस्ते, तोपर्यंत साडेदहा. तेव्हा चटई घ्या, पाण्याची बाटली नाव लिहून घ्या, रंगकामाची वही किंवा काहीतरी बिनमोबाईलचं घ्या. खायला पोळी-भाजी, केळं, शेंगदाण्याचा लाडू. भडंग आणू नका, सांगलीकर असून सांगतेय, तेलाची तिखट बोटं घेऊन पोरगं पटावर बसतं, सोंगट्यांना लागतं, डोळ्याला लागतं आणि अर्धा डाव डोळे चोळण्यात जातो. घरी जाताना गाडीत खा की हवं तेवढं. दुपारी भरपेट दहीभात पण नको, तिसऱ्या राऊंडला मान पडते. राऊंडच्या आधी बाथरूम, लागो न लागो. मोबाईल किंवा स्मार्टवॉच पोराच्या खिशात, दप्तरात, मनगटावर काही नको, आत वाजलं किंवा नुसतं सापडलं तरी डाव जाऊ शकतो.

पेअरिंगबद्दल थोडं, कारण पहिल्या राऊंडनंतर निम्मे पालक याच्यावरूनच तापलेले असतात, ‘आमच्या पोराला मुद्दाम भारी खेळाडू दिला’. मुद्दाम नाही देत कुणी. स्विस पद्धत असते. यादी रेटिंगप्रमाणं लावतात, बिनरेटिंगवाले खाली, आणि पहिल्या राऊंडला वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी. ६४ पोरं असतील तर पहिला ३३ व्याशी, दुसरा ३४ व्याशी. म्हणून नवखं पोर पहिल्या राऊंडला बहुतेक तयार खेळाडूसमोरच जातं आणि बहुतेक हरतं. पण कुणी बाद होत नाही, पुढच्या राऊंडला सारख्या गुणांची पोरं एकमेकांत, त्यामुळं दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडपासून जोडीचं कुणीतरी मिळतं. संख्या विषम असेल तर एकाला बाय मिळतो, न खेळता एक गुण, आणि तो एकाला एकदाच. शेवटी गुण सारखे झाले की टायब्रेक बघतात, त्यात तुमचं पोर ज्यांच्याशी खेळलं त्यांनी दिवसभरात किती गुण केले ते मोजतात, म्हणून ज्याच्याकडून हरलो ते पोरगं पुढं जिंकत राहावं अशी मनातून प्रार्थना करायची, त्यात आपलाच फायदा. हे मी तासगावच्या त्या मुलासाठी दिवसभर केलं.

आता आपली जागा. आपली जागा दाराबाहेर. डाव सुरू झाला की पालकांना बाहेर काढतात आणि ते योग्य आहे. मी पहिल्या दिवशी खिडकीत उभी राहिले होते, गजाला नाक लावून. मला वाटलं मी नुसती बघतेय. नंतर ती म्हणाली, मम्मी तू मान हलवलीस म्हणून मी घोडा नाही खेळले. मी कुणाला तरी हो म्हणून मान हलवली होती, पाणी आणू का विचारत होते त्यांना! त्यानंतर खिडकी बंद. तुमच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं आणि पोर पटापेक्षा तेच वाचतं. तरीही लांबून काही गैर दिसलं, समजा कुणीतरी बेकायदा चाल केली, तर पोरांना काही बोलायचं नाही, समोरच्या पालकाशी तर मुळीच नाही, फक्त पंचांना जाऊन सांगायचं आणि गप्प मागं यायचं. चहा प्यायला जा. दुसऱ्या आयांशी बोला, तिथंच पुढच्या टूर्नामेंटच्या तारखा कळतात.

हरून बाहेर आलेल्या पोराला पहिली दहा मिनिटं काही विचारू नका. पाणी द्या. रडत असेल तर रडू दे, तिथं सगळ्यांचीच रडतात, कुणी बघत नाही. आणि मोबाईलवर लगेच डाव टाकून कॉम्प्युटर काय म्हणतोय ते बघणाऱ्या बाबा लोकांना तर माझी हात जोडून विनंती आहे. ‘बघ, इथं तू जिंकत होतास, प्लस पाच होतं’, हे ऐकून पुढच्या राऊंडला जाणारं पोर पुढचा डाव खेळत नाही, मागचाच खेळत बसतं. घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, पट मांडून, मोबाईल लांब ठेवून बघा. मी एच२ चं प्रकरण त्याच दिवशी मांडून बघितलं ते चुकलंच, तिसरा राऊंड तिनं त्यामुळंच घालवला असं मला अजून वाटतं.

डाव संपल्यावर दोघांनी सोंगट्या परत लावायच्या, राजा मधोमध, आणि निकाल सांगायला दोघांनी मिळून जायचं. जिंकलेल्यानं एकट्यानं नाही. पोरं स्वतःचं नाव सोडून समोरच्याच्या नावापुढं १ लिहून येतात, खोटं वाटेल पण येतात. भिंतीवर किंवा मोबाईलवर पुढची पेअरिंग लागली की आधी आपले गुण बरोबर आहेत का ते बघा, चूक असेल तर तेव्हाच सांगा, पुढचा राऊंड सुरू झाल्यावर मग ते फार अवघड होऊन बसतं.

आमचे त्या दिवशी सहापैकी अडीच गुण झाले. त्यातला अर्धा पाचव्या राऊंडचा, समोरच्या मुलीनं ‘मेट’ म्हटलं आणि हिनं हात मांडीखाली घातले, पळ नाही, मार नाही, आड होतं. उंट मध्ये घातला, डाव पुढं तासभर वाटावा इतका लांबला आणि शेवटी दोन राजेच उरले पटावर. दोघी हसत बाहेर आल्या. बक्षीस समारंभ सातला म्हणाले होते, सुरू झाला पावणेनऊला, सर्टिफिकेटवर आडनाव चुकलेलं, आणि आयर्विन पुलावरनं येताना मागच्या सीटवर भडंगाचा पुडा उघडा टाकून बाईसाहेब झोपलेल्या.